अलेक्झांड्रा पॅलेस ते पोर्टलँड प्लेस : बीबीसीच्या वृत्तस्टुडिओतील कॅमेऱ्याची वाटचाल

२ नोव्हेंबर १९३६ रोजी उत्तर लंडनमधील अलेक्झांड्रा पॅलेस येथून बीबीसीची नियमित दूरचित्रवाणी सेवा सुरू झाली. त्या दिवशी या इमारतीत एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या दोन तंत्रपद्धती शेजारी शेजारी मांडलेल्या होत्या. एक जॉन लोगी बेअर्ड यांच्या कंपनीची, दुसरी मार्कोनी-ईएमआयची. एक आठवडा एकीचे प्रसारण, पुढचा आठवडा दुसरीचे, अशी ती परीक्षा होती. बेअर्ड यांच्या पद्धतीत आधी फिल्मवर चित्रण होई, ती फिल्म तिथल्या तिथे रसायनांच्या टाक्यांतून धुऊन निघे आणि मिनिटभरात ओल्या स्थितीतच प्रक्षेपणासाठी वाचली जाई. कॅमेरा या टाक्यांना आणि पाण्याच्या नळाला जखडलेला असल्याने जागचा हलू शकत नसे. शेजारच्या स्टुडिओत आयझॅक शोनबर्ग यांच्या नेतृत्वाखालील चमूने घडवलेला इमिट्रॉन कॅमेरा होता. तो पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक होता, केबलच्या लांबीइतका फिरू शकत होता आणि इमारतीबाहेरही नेता येत होता. फेब्रुवारी १९३७ मध्ये निकाल लागला. बेअर्ड पद्धत बंद झाली आणि ४०५ रेषांचे इमिट्रॉन तंत्र कायम झाले. चित्राचा दर्जा हे त्यामागचे प्रमुख कारण होते. कॅमेऱ्याची मोकळी चाल हे दुसरे. दूरचित्रवाणीच्या स्टुडिओत कॅमेरा किती सहज हलतो, हा प्रश्न असा पहिल्या वर्षापासूनच या संस्थेसमोर होता. आज बीबीसीच्या वृत्तस्टुडिओंत कॅमेरे यंत्राच्या आज्ञेने जागा बदलतात, ते याच प्रश्नाचे आतापर्यंतचे सर्वांत परिपक्व उत्तर आहे.

दुसऱ्या महायुद्धाने ही सेवा १ सप्टेंबर १९३९ रोजी थांबवली. ती ७ जून १९४६ रोजी पुन्हा सुरू झाली. तरीही बातम्यांना दूरचित्रवाणीवर स्वतःचे स्थान मिळायला आणखी आठ वर्षे जावी लागली. बीबीसीचा वृत्तविभाग रेडिओच्या शिस्तीत वाढलेला होता. निवेदकाचा चेहरा दिसला तर त्याच्या भुवईच्या हालचालीतूनही बातमीला रंग चढेल, निःपक्षपातीपणाला बाधा येईल, अशी वरिष्ठांना प्रामाणिक धास्ती होती. त्यामुळे ५ जुलै १९५४ रोजी पहिले दैनिक दूरचित्रवाणी बातमीपत्र प्रसारित झाले तेव्हा रिचर्ड बेकर यांचा आवाज ऐकू आला, चेहरा दिसला नाही. पडद्यावर नकाशे, छायाचित्रे आणि चित्रफिती होत्या. सप्टेंबर १९५५ मध्ये केनेथ केंडल प्रेक्षकांना बातम्या वाचताना दिसले. त्याच महिन्यात, २२ सप्टेंबरला, आयटीएन ही स्पर्धक वृत्तसंस्था पडद्यावर येणार होती, हेही या बदलामागचे एक कारण होते.

निवेदक पडद्यावर आला आणि त्यासोबत वृत्तस्टुडिओची एक वेगळी गरज पुढे आली. नाटकाच्या किंवा संगीताच्या कार्यक्रमात कॅमेरा पात्रांमागे धावतो. प्रत्येक प्रयोगाची चाल वेगळी असते. बातमीपत्रात टेबल तेच, खुर्ची तीच, निवेदकाची जागाही तीच. खांद्यापर्यंतची चौकट, बाजूला चित्र बसेल अशी थोडी सरकलेली चौकट, दोन निवेदक एकत्र दिसतील अशी रुंद चौकट आणि शेवटी स्टुडिओचे दूरदृश्य, एवढ्यावर बहुतेक बातमीपत्रे उभी राहतात. या चौकटी रोज, त्याच मापाने, विनाचूक मिळाव्या लागतात. अलेक्झांड्रा पॅलेसमधील कॅमेरामननी हे काम वर्षानुवर्षे हाताने केले. डोक्यावर तळपत्या दिव्यांची उष्णता, कानात दिग्दर्शकाच्या सूचना आणि हातात जड कॅमेरा अशा स्थितीत त्यांनी बसवलेली शिस्त हाच पुढच्या सर्व यंत्रांचा नमुना ठरला.

जून १९६० मध्ये पश्चिम लंडनमध्ये टेलिव्हिजन सेंटर उघडले. वृत्तविभाग मात्र सप्टेंबर १९६९ पर्यंत टेकडीवरच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्येच राहिला. तिथूनच १९६८ मध्ये बीबीसी टूवर रंगीत बातमीपत्र सुरू झाले. रंगीत कॅमेऱ्याने स्टुडिओतील कामाची वाटणीही बदलली. याआधी कॅमेऱ्यावर तीन-चार भिंगांची फिरती तबकडी असे आणि चौकट बदलायची तर कॅमेरामन ती फिरवून दुसरे भिंग पुढे आणी. साठच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या ईएमआय २००१ सारख्या कॅमेऱ्यात झूम भिंग यंत्राच्या पोटातच बसवलेले होते. रंगांचा समतोल आणि भिंगातून येणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण यांची जबाबदारी कंट्रोल रूममधील अभियंत्याकडे होती. म्हणजे कॅमेऱ्याचे अर्धे काम दूरवरच्या खोलीतून होतच होते. कॅमेरामनच्या हाती उरले होते ते कॅमेरा वळवणे, वर-खाली करणे, झूम, फोकस आणि जागा बदलणे. या प्रत्येक हालचालीला मोटर जोडली तर काय होईल, हा विचार मग अभियंत्यांना दूरचा वाटला नाही.

या विचाराला बळ दिले ते प्रसारणाच्या वाढत्या तासांनी. टेलिव्हिजन सेंटरमध्ये आल्यावर १४ सप्टेंबर १९७० रोजी नऊच्या बातम्या सुरू झाल्या, जानेवारी १९८० मध्ये ‘न्यूजनाइट’ आले, १७ जानेवारी १९८३ रोजी सकाळचे ‘ब्रेकफास्ट टाइम’, सप्टेंबर १९८४ मध्ये सहाच्या बातम्या आणि ऑक्टोबर १९८६ मध्ये दुपारी एकच्या बातम्या. पूर्वी मुख्यतः संध्याकाळी चालणारा वृत्तविभाग पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत जागा राहू लागला. प्रत्येक बातमीपत्राला तीन-चार कॅमेरे, प्रत्येक कॅमेऱ्यामागे एक प्रशिक्षित माणूस आणि प्रत्येक माणसाची पाळी असा हिशेब होता. त्यातला बराच वेळ हा माणूस न हलणाऱ्या चौकटीवर हात ठेवून उभा असे. मुरलेल्या कलावंताचे कौशल्य असे अडकून पडते आणि तेच कौशल्य बाहेरच्या चित्रणाला कमी पडते, ही अडचण पहाटेच्या पाळ्यांत विशेष जाणवे.

याच काळात ब्रिटिश कारखानदारीने उत्तर तयार केले. विल्यम विन्टन यांनी १९१० मध्ये लंडनमध्ये चित्रपट-यंत्रांचा छोटा कारखाना सुरू केला होता. त्यांच्या नावाची कंपनी पुढे बरी सेंट एडमंड्स या गावी स्थिरावली आणि स्टुडिओतील कॅमेरा पेलणारे स्तंभ, म्हणजे पेडेस्टल, बनवण्यात जगभर नावाजली. जड कॅमेरा बोटाच्या दाबाने वर-खाली व्हावा, ही तिच्या कारागिरांची विद्या. तिने आणि रॅडमेक या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीने ऐंशीच्या दशकात मोटरवर चालणारी कॅमेराशीर्षे आणि त्यांना आज्ञा देणारे संगणकीय पटल बाजारात आणले. पुढे रॅडमेकचा हा व्यवसाय विन्टनच्याच समूहात सामील झाला. अमेरिकेत एनबीसी या वाहिनीने त्याच दशकाच्या उत्तरार्धात आपल्या वृत्तस्टुडिओत रोबोटिक कॅमेरे उभे केले आणि जगभरच्या वृत्तसंस्थांचे लक्ष तिकडे गेले.

रोबोटिक कॅमेऱ्याची एक मोठी सार्वजनिक परीक्षा स्टुडिओबाहेर झाली. २१ नोव्हेंबर १९८९ रोजी ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सचे कामकाज दूरचित्रवाणीवर दिसू लागले. वर्षानुवर्षे या प्रस्तावाला विरोध झाला होता. सभागृहात कॅमेरामन वावरले तर कामकाजाचे गांभीर्य जाईल, हा त्यातला एक आक्षेप. म्हणून कॅमेरे दुरून चालवण्याचे ठरले. सभागृहात कॅमेरामन नाही, दूरच्या खोलीतून कॅमेरे वळवले जातात, आणि बोलणाऱ्या सदस्याचे डोके व खांदे दिसतील एवढीच चौकट घ्यावी असे नियम. शेकडो सदस्यांच्या गर्दीत कोण कधी उभा राहील याचा नेम नसताना हे कॅमेरे योग्य माणसावर वेळेत पोचू लागले. जिथे माणसाची उपस्थितीच अडथळा ठरते तिथे दुरून चालणारा कॅमेरा अधिक शिष्टाचाराने वागतो, हे लोकशाहीच्या त्या जुन्या सभागृहात सिद्ध झाले.

नव्वदच्या दशकात तीन गोष्टी एकत्र आल्या. कॅमेऱ्यातील काचेच्या नळ्या जाऊन प्रकाश टिपणारी सीसीडी चिप आली. त्यामुळे कॅमेरा हलका झाला आणि रोज प्रसारणापूर्वी तो जुळवून घेण्याचे कष्ट वाचले. वृत्तकक्षातील टंकलेखन यंत्रे जाऊन रनडाऊन, म्हणजे बातम्यांची क्रमवार यादी, संगणकावर तयार करण्याची पद्धत रुजली. आणि ९ नोव्हेंबर १९९७ रोजी ‘बीबीसी न्यूज २४’ ही अखंड वृत्तवाहिनी सुरू झाली. जानेवारी १९९५ पासून ‘बीबीसी वर्ल्ड’ जगभर दिसत होतीच. रात्री तीन वाजताही स्टुडिओ सज्ज हवा, हे आता रोजचे झाले. अशा वेळी प्रत्येक कॅमेऱ्यामागे माणूस उभा करणे कोणत्याही सार्वजनिक संस्थेला परवडणारे नव्हते. बीबीसी प्रेक्षकांनी भरलेल्या परवाना शुल्कावर चालते. तिथे वाचलेला प्रत्येक पाउंड वार्तांकनासाठी मोकळा होतो, असा या निर्णयामागचा हिशेब होता.

या यंत्राचे काम जवळून पाहिले म्हणजे त्याचा गुण कळतो. बातमीपत्रापूर्वी कोणी तरी निवेदकाच्या खुर्चीत बसते. कंट्रोल रूममधील चालक जॉयस्टिकची कांडी हलवत चौकट बांधतो. डोक्यावर किती जागा सोडायची, डोळे कोणत्या रेषेवर ठेवायचे, खांदा किती तुटू द्यायचा, हे सारे डोळ्यांनी पारखतो. चौकट मनासारखी झाली की ती साठवतो आणि तिचे छोटे चित्र स्पर्शपटलावर उमटते. अशी कित्येक चित्रे एका पटलावर रांगेत बसतात. प्रसारणात त्यातल्या एकावर बोट टेकवले की शीर्ष वळते, स्तंभ उंच होतो, झूम आणि फोकस बदलतात आणि पाया जमिनीवर सरकतो. प्रत्येक मोटर आपण नेमकी कुठे आहोत हे सतत कळवत असते, त्यामुळे सर्व हालचाली एकाच क्षणी सुरू होतात आणि एकाच क्षणी थांबतात. मुरलेला एसटीचालक भरलेली गाडी गचका न देता थांब्यावर आणतो, तसा हा कॅमेरा हळू निघतो, वेग घेतो आणि हळू थांबतो. ही चाल अभियंत्यांनी हवेतून काढलेली नाही. हाताने कॅमेरा चालवणाऱ्या पिढ्यांच्या मनगटातील लय त्यांनी गणितात बसवली.

याच नेमकेपणातून पुढचे लाभ निघाले. सकाळी सहाला घेतलेली चौकट रात्री दहाला, आणि पाळी बदलल्यावरही, तशीच मिळते. त्यामुळे बातमीपत्राची ओळख टिकते. निवेदकाच्या खांद्यामागे कोणते चित्र बसवायचे, पडद्याच्या तळाशी पट्टी कुठे यायची, हे ग्राफिक्स विभागाला आधीच ठाऊक असते. कॅमेऱ्याचा कोन, उंची आणि झूम ही माहिती सतत ग्राफिक्सच्या संगणकाकडे जाऊ शकते. म्हणूनच निवडणुकीच्या रात्री स्टुडिओच्या जमिनीतून उगवल्यासारखे वाटणारे आलेख कॅमेरा फिरला तरी जागचे हलत नाहीत. शिवाय स्टुडिओत वावर कमी झाल्याने निवेदकासमोरची गडबड ओसरली आणि टेलिप्रॉम्प्टरवरचा मजकूर व कानातली सूचना यांवर लक्ष ठेवणे सुकर झाले.

ही प्रगती फुकट मिळाली नाही. यंत्राने माणसांच्या जागा घेतल्या, हे सत्य कोणत्याही गौरवगाथेत झाकू नये. वृत्तस्टुडिओच्या फरशीवर उमेदवारी करून कॅमेरामन घडण्याची जुनी वाट अरुंद झाली. हातातल्या कॅमेऱ्यावर आयुष्य घालवलेल्या अनेकांना पटलासमोर बसून नवे काम शिकावे लागले, काहींना व्यवसायच बदलावा लागला. यंत्राच्याही मर्यादा होत्या. जमिनीवर सरकणाऱ्या कॅमेऱ्याला आरशासारखी सपाट फरशी लागते. राळेचा थर ओतून ती तयार करावी लागते. मागे ओढली जाणारी केबल, वाटेत राहिलेली खुर्ची, विसरलेली खूण अशा क्षुल्लक गोष्टी त्याला अडवतात. म्हणून त्याच्या पायाशी अडथळा ओळखणारे संवेदक बसवावे लागले आणि आपली जागा हरवल्यास ठरलेल्या खुणेवर जाऊन ती पुन्हा शोधण्याची सोय करावी लागली. पाहुणा अवचित उठून उभा राहिला तर अनुभवी कॅमेरामन त्याच्याबरोबर कॅमेरा उचलतो. साठवलेल्या चौकटीला ते सुचत नाही. त्यामुळे चर्चा आणि मुलाखती यांसाठी पटलावरील चालकाचा हात कांडीवर असणे गरजेचेच राहिले.

सर्वांत कठीण काळ २०१३ नंतरचा. १९३२ मध्ये उभ्या राहिलेल्या पोर्टलँड प्लेसवरील ब्रॉडकास्टिंग हाउस या बीबीसीच्या मुख्यालयाला मोठी नवी इमारत जोडण्यात आली होती. जुलै २०१२ मध्ये बीबीसीच्या जागतिक सेवेने बुश हाउस ही आपली जुनी इमारत सोडली, जानेवारी २०१३ मध्ये जागतिक वृत्तवाहिनी आणि १८ मार्च २०१३ रोजी ब्रिटनमधील बातमीपत्रे टेलिव्हिजन सेंटरमधून इथे आली. ७ जून २०१३ रोजी राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते इमारतीचे औपचारिक उद्घाटन झाले. विस्तीर्ण वृत्तकक्षात असलेला स्टुडिओ आणि त्यात फिरणारे रोबोटिक कॅमेरे हे या वास्तूचे वैशिष्ट्य ठरले. आता कॅमेऱ्याची आज्ञा रनडाऊनलाच जोडलेली होती. बातमी पुढे सरकली की कॅमेरा, चित्रफीत, ध्वनी आणि ग्राफिक्स एकाच बटणाने सरकत.

सुरुवातीच्या महिन्यांत चुका झाल्या, आणि त्या थेट प्रसारणात झाल्या. निवेदक चौकटीच्या कडेला, मध्यभागी रिकामी जागा; कॅमेरा मूळ जागा सोडून वृत्तकक्षाकडे निघालेला; निवेदक त्याच्यासमोर यायला सरकतो आहे, अशी दृश्ये प्रेक्षकांनी पाहिली. त्यांच्या चित्रफिती फिरल्या, वृत्तपत्रांनी चेष्टा केली. कॅमेरा चुकला, असा बोलबाला झाला. अशा व्यवस्थेत कॅमेरा सहसा मिळालेली आज्ञाच बिनचूक पाळतो. चुकीचा क्रमांक रनडाऊनमध्ये पडला तर तोही तितक्याच निष्ठेने पाळतो. पुढे २० जून २०१७ रोजी दहाच्या बातम्या सुरू होण्याच्या क्षणीच निर्मितीची संगणकव्यवस्था कोसळली आणि निवेदक सुमारे चार मिनिटे शांतपणे बसून राहिलेले देशाने पाहिले. सगळे धागे एका गाठीत बांधले की ती गाठ सुटण्याचा धोकाही मोठा, हा धडा त्या रात्रीने दिला.

संस्थेने मात्र पाऊल मागे घेतले नाही. या प्रकारच्या स्टुडिओंत सर्वत्र जी शिस्त रुजत गेली, तिचे पाठ अशाच प्रसंगांनी गिरवून घेतले. चौकटींना सुसंगत क्रमांक द्यायचे, निवेदक बदलला की उंची पुन्हा तपासायची, प्रसारणात असलेला कॅमेरा चुकूनही हलू नये म्हणून त्याला कुलूप घालायचे, आणि यंत्र अडले तर एक सुरक्षित दूरदृश्य नेहमी हाताशी ठेवायचे. चालक, अभियंते, फ्लोअर मॅनेजर, दिग्दर्शक आणि सर्वांत पुढे उभे राहून चेहऱ्यावर अस्वस्थता न दिसू देणारे निवेदक, अशा अनेकांच्या सोशिकतेतून ही पद्धत बसत गेली.

२०२० च्या मार्चमध्ये ब्रिटनमध्ये टाळेबंदी लागू झाली तेव्हा या तयारीचे मोल सर्वांना कळले. माणसांनी एकमेकांपासून दूर राहायचे होते आणि बातम्यांची गरज तर पूर्वीपेक्षा अधिक होती. कॅमेऱ्यांमागची गर्दी आधीच हटलेली असल्याने वृत्तस्टुडिओ थोडक्या माणसांत चालू राहिले. काटकसरीसाठी आणलेले साधन संकटात सुरक्षिततेचे साधन ठरले. १३ जून २०२२ पासून बीबीसी वनच्या मुख्य बातम्या नव्याने सजवलेल्या ‘स्टुडिओ बी’मधून होऊ लागल्या. भव्य एलईडी भिंती आणि त्यांच्यासमोर संथपणे फिरणारे कॅमेरे ही या स्टुडिओची घडण आहे. ३ एप्रिल २०२३ रोजी देशांतर्गत आणि जागतिक या दोन्ही वृत्तवाहिन्या एक झाल्या. दिवसभर चालणारे असे प्रसारण रोबोटिक कॅमेऱ्यांवाचून कल्पिणेही आज अवघड आहे.

या संस्थेचा मराठीशीही जुना संबंध आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बीबीसीचे मराठी रेडिओ प्रसारण होत असे आणि २ ऑक्टोबर २०१७ रोजी ‘बीबीसी मराठी’ डिजिटल स्वरूपात सुरू झाली. मराठी वृत्तवाहिन्यांचे तरुण तंत्रज्ञ आज पीसीआरमध्ये, म्हणजे निर्मितीच्या नियंत्रण कक्षात, बसून कॅमेरे, रनडाऊन आणि ग्राफिक्स यांची सांगड घालतात, तेव्हा त्यांच्यापुढचे प्रश्न लंडनमधल्या सहकाऱ्यांनी सोडवलेल्या प्रश्नांहून वेगळे नसतात. म्हणून ही वाटचाल त्यांच्याही उपयोगाची आहे. यंत्र घेण्यापूर्वी फरशी, केबल आणि प्रशिक्षण यांचा विचार करावा. चौकट बांधण्याची जाण असलेला कॅमेरामनच पटलावर बसवावा. आणि वाचलेली माणसे व पैसा बाहेरच्या वार्तांकनाकडे वळवावा, हा या अनुभवाचा सारांश.

टाक्यांना जखडलेल्या कॅमेऱ्यापासून बोटाच्या स्पर्शाने चालणाऱ्या कॅमेऱ्यापर्यंतच्या या प्रवासात शोनबर्ग यांच्यासारखे संशोधक आहेत, विन्टन यांच्या कारखान्यातील कारागीर आहेत आणि अलेक्झांड्रा पॅलेसच्या उष्ण दिव्यांखाली चौकटीची शिस्त घालून देणारे कॅमेरामन आहेत. रोबोटिक कॅमेऱ्याने त्यांची जागा घेतली, पण त्याला जे येते ते त्यांनीच शिकवलेले आहे. अचूकता, सातत्य, काटकसर आणि संकटातली सज्जता हे त्याचे गुण आता वादाचे राहिलेले नाहीत. त्या गुणांचा उपयोग बातमी अधिक चांगली होण्यासाठी करत राहणे, ही पुढच्या पिढीच्या वृत्तकर्मींची जबाबदारी आहे.